राजालाही पुस्तक न देणारी लायब्ररी

मुलांनो, शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक घरी न्यायला मिळतं ना? कार्डावर तारखेचा शिक्का पडला, की आठवडाभर पुस्तक आपलं! पण इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठात एक लायब्ररी अशी आहे, की तिनं खुद्द राजालाही पुस्तक नेऊ दिलं नाही. तिचं नाव बोडलियन.

गोष्ट १६४५ सालची. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटलं होतं आणि राजा पहिला चार्ल्स ऑक्सफर्डला मुक्काम ठोकून होता. त्यानं लायब्ररीतून एक पुस्तक मागवलं. ग्रंथपाल जॉन राउस यांनी राजाला सरळ नियम दाखवले : पुस्तक इथंच बसून वाचायचं, बाहेर न्यायचं नाही. आणि राजानं ते निमूटपणे मान्य केलं! पुढे राजाचा पाडाव करणाऱ्या क्रॉमवेललाही १६५४ मध्ये असाच नकार मिळाला.

एवढा कडकपणा कशासाठी? त्यामागे एक दुःखद आठवण आहे. या जागी १४८८ पासून एक सुंदर ग्रंथालय होतं. पण १५५० च्या सुमारास, धर्मसुधारणेच्या धामधुमीत, तिथली पुस्तकं काढून टाकण्यात आली. काही वर्षांनी रिकामी लाकडी बाकंसुद्धा विकली गेली. थॉमस बोडली या निवृत्त राजदूतानं १५९८ मध्ये स्वतःचा पैसा देऊन ते पुन्हा उभं करायचं ठरवलं आणि १६०२ मध्ये ते उघडलं. १६१० मध्ये त्यानं लंडनच्या प्रकाशकांच्या संघाशी करार केला : छापाल त्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत आम्हाला द्या!

आगीची भीती

सभासद होताना इथं प्रतिज्ञा करावी लागते, की मी पुस्तक खराब करणार नाही आणि आत आग वा ज्योत पेटवणार नाही. पूर्वी दिवाच लावायचा नाही, म्हणून वाचक खिडक्यांजवळच्या बाकांवर बसत. मोठमोठे ग्रंथ साखळीनं कपाटाला बांधलेले असत. हिवाळ्यात बोटं गारठायची, पण उबेची सोय झाली ती १८४५ मध्ये, आणि विजेचे दिवे आले १९२९ मध्ये! हॅरी पॉटरच्या चित्रपटांत हॉगवर्ट्सची लायब्ररी पाहिलीत ना? ती हीच जुनी खोली, बरं का! शेजारी रॅडक्लिफ कॅमेरा ही घुमटाची गोल इमारत आहे. तिथंही वाचनकक्ष आहे.

आज इथला संग्रह एक कोटी तीस लाखांच्या पुढे गेला आहे. एवढं ठेवणार कुठं? २०१० मध्ये सुमारे ४५ किलोमीटरवर, स्विंडनजवळ, एक प्रचंड कोठार उघडलं. त्यातल्या फळ्या एकापुढे एक मांडल्या, तर २४६ किलोमीटर भरतील. म्हणजे जवळजवळ मुंबई ते सातारा! वाचकानं मागणी नोंदवली, की पुस्तक गाडीत बसून ऑक्सफर्डला येतं.

या संग्रहात आपल्या उपखंडातली एक मोलाची वस्तू आहे. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बखशाली गावी जमिनीत भूर्जपत्रांवरचं गणिताचं हस्तलिखित सापडलं. १९०२ पासून ते इथं आहे. त्यात शून्याच्या जागी चक्क टिंब दिलं आहे! ते नेमकं किती जुनं, यावर तज्ज्ञ अजून वाद घालताहेत. पण मूळ पानं जपली आहेत, म्हणूनच हा वाद घालता येतो.

तरीही एक निसटलंच!

शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला मोठा संग्रह लायब्ररीत आला होता. पुढे नवी आवृत्ती आली, तेव्हा जुनी प्रत जादा समजून बहुधा विकून टाकली गेली. १९०५ मध्ये एक विद्यार्थी घरातलं जुनं पुस्तक दुरुस्तीचा सल्ला घ्यायला घेऊन आला. बांधणी पाहून ओळख पटली. अरे, ही तर आपलीच प्रत! ती परत मिळवायला लोकांकडून वर्गणी काढून तीन हजार पौंड मोजावे लागले.

आता तुमच्या लायब्ररीतलं सर्वांत जुनं पुस्तक कोणतं, ते बाईंना विचारा. त्यावर पहिला शिक्का कधीचा आहे? ते नेणारी मुलं आज आजी-आजोबा झाली असतील. पान न दुमडता त्यांनी ते परत केलं, म्हणून तर ते तुमच्या हातात आलं!