न फिरणारी चकती

१९८० साली शुगार्ट टेक्नॉलॉजी या कॅलिफोर्नियातल्या नव्या कंपनीने एसटी-५०६ ही हार्ड डिस्क बाजारात आणली. सव्वापाच इंची चौकटीत बसणारी ही पहिलीच हार्ड डिस्क. क्षमता ५ मेगाबाईट, किंमत १,५०० डॉलर. ॲलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांची ही कंपनी पुढे सीगेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने घालून दिलेली जोडणीची पद्धत इतकी रुळली, की १९८३च्या आयबीएम पीसी एक्सटीपासून डीईसीच्या संगणकांपर्यंत अनेकांनी तीच स्वीकारली.

त्या डिस्क आता एकेक करून बंद पडत आहेत. बेअरिंग झिजतात, वंगण घट्ट होते, हेड चकतीला चिकटून बसते. संगणकातली एखादी चिप बदलता येते, वीजपुरवठा दुरुस्त होतो. पण त्या पद्धतीची डिस्क आता नव्याने कोणी बनवत नाही. म्हणून जुने संगणक जपणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. डिस्कच्या जागी तळहातावर मावणारा एका पाटीचा संगणक बसवायचा आणि जुन्या यंत्राला वाटू द्यायचे, की पलीकडे चकती फिरतेच आहे.

काम सोपे वाटते, कारण पाच-दहा मेगाबाईट आज कुठल्याही मेमरी कार्डात हरवून जातील. पण नकलेची अवघड बाजू साठवणीत नाही. संगणक आणि डिस्क यांच्यात कामाची वाटणी मुळात कुठे झाली होती, यावर सारे अवलंबून आहे.

बुद्धी नसलेली डिस्क

एसटी-५०६ला स्वतःची अक्कल जवळजवळ नव्हतीच. चकती फिरवायची, हेड सांगितलेल्या ट्रॅकवर न्यायचे आणि हेडखालून जे चुंबकीय बदल सरकतील ते स्पंदांच्या रूपात तारेवर सोडायचे, एवढेच तिचे काम. त्या स्पंदांतून बिट काढणे, सेक्टरची सुरुवात ओळखणे, चूक तपासणे हे सारे संगणकातल्या कंट्रोलर कार्डाकडे असे. ट्रॅकवरची मांडणीही ज्या त्या कंट्रोलरची. वेस्टर्न डिजिटलच्या कार्डावर लिहिलेली डिस्क झेबेकच्या कार्डाला वाचता येईलच असे नाही.

त्यामुळे नक्कल करणाऱ्याला फाइल किंवा सेक्टर देऊन भागत नाही. स्पंदच द्यावे लागतात, तेही वेळेवर. चकती मिनिटाला ३,६०० फेरे घेई, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद. सेकंदाला ५० लाख बिट या वेगाने एका ट्रॅकवर सुमारे ८३ हजार बिट बसत. एमएफएम या लेखनपद्धतीत दोन स्पंदांमधले अंतर २००, ३०० किंवा ४०० नॅनोसेकंद असते आणि माहिती असते ती या अंतरांतच. लिनक्ससारखी प्रणाली मधूनच दुसऱ्या कामाकडे वळते. दहा मायक्रोसेकंदांचा उशीर तिच्या खिजगणतीतही नसतो. इथे तेवढ्यात ५० बिट हुकतात.

२०१३ साली आलेल्या बीगलबोन ब्लॅक या एका पाटीच्या संगणकाचा इथे उपयोग झाला. त्याच्या एक गिगाहर्ट्‌झच्या मुख्य प्रोसेसरशेजारी २०० मेगाहर्ट्‌झचे दोन छोटे प्रोसेसर आहेत. ते लिनक्सच्या वेळापत्रकात अडकत नाहीत आणि साधारण दर ५ नॅनोसेकंदांना एक आज्ञा पार पाडतात. म्हणजे २०० नॅनोसेकंदांत ४० आज्ञा. एमएफएम डिस्कची नक्कल एवढ्या अवकाशात बसते. शिवाय जुन्या यंत्राचे बटण थेट बंद केले जाते, तेव्हा लिहिलेले मेमरी कार्डावर नीट उतरावे म्हणून काही क्षण वीज धरून ठेवणारे मोठे कपॅसिटरही लावावे लागतात.

बुद्धी असलेली ड्राइव्ह

कमोडोर ६४ या संगणकाची १५४१ ही फ्लॉपी ड्राइव्ह अगदी उलट टोकाची. तिच्या पोटात ६५०२ प्रोसेसर, २ किलोबाईट रॅम आणि १६ किलोबाईट रॉम, म्हणजे तो स्वतंत्र संगणकच. संगणकाशी तिचे बोलणे मात्र रडतखडत चाले: सेकंदाला जेमतेम ३०० ते ४०० बाईट. मग प्रोग्रामरांनी युक्ती केली. आपला कोड ड्राइव्हच्या रॅममध्ये पाठवायचा, तिथल्या प्रोसेसरवर चालवायचा आणि दोन्हीकडे मायक्रोसेकंद मोजत माहिती भराभर ओढायची. अशा कोडपुढे आज्ञांना उत्तरे देणारी नक्कल टिकत नाही. म्हणून रास्पबेरी पाय या एका पाटीच्या संगणकावरचा पाय१५४१ हा प्रकल्प लिनक्स बाजूलाच ठेवतो आणि १५४१मधला प्रोसेसर प्रत्येक घड्याळठोक्याबरहुकूम उभा करतो.

शिष्टाचार पाळणारी डिस्क

स्कझी या जोडणीच्या पद्धतीत वाटणी मधोमध झाली. संगणक फक्त म्हणतो, अमुक क्रमांकाचा ब्लॉक दे. ट्रॅक, हेड, फेरे हा डिस्कचा घरगुती मामला. प्रत्येक बाईटची पोचपावती मिळेपर्यंत पुढचा बाईट निघत नाही, आणि डिस्क रेंगाळली तर संगणक थांबतो. म्हणून लिनक्सवर चालणारा साधा रास्पबेरी पायही स्कझी डिस्क होऊ शकतो, त्याचे ३.३ व्होल्ट आणि जुन्या तारांवरचे ५ व्होल्ट यांचा मेळ घालणारी पाटी मात्र मध्ये लागते. जपानमधल्या शार्प एक्स६८००० या संगणकासाठी सुरू झालेला रास्कझी प्रकल्प याच वाटेने मॅकिंटॉशपर्यंत पोहोचला.

काय जपायचे?

जतन करणाऱ्यांसाठी यातून एक नियम निघतो: यंत्र ज्या पातळीवर डिस्क पाहत होते, प्रतही निदान त्या पातळीवरची हवी. १५४१च्या फ्लॉपीचे ६८३ ब्लॉक उतरवून घेतले तर मजकूर हाती येतो. पण चोरटी प्रत रोखण्यासाठी मुद्दाम पेरलेल्या चुका आणि तिरपागडी मांडणी गळून पडते, आणि मूळ खेळ सुरूच होत नाही. एमएफएम डिस्कचे तर स्पंदच साठवावेत. आज न उलगडलेली मांडणी उद्या त्यांतून उलगडता येईल. मूळ चकती पुन्हा फिरवण्याचा भरवसा धरू नये; दुखावलेले हेड दुसऱ्या फेरीत पृष्ठभागच खरवडून काढू शकते. आणि जो सेक्टर वाचता आला नाही, त्या जागी गुपचूप शून्ये भरण्याऐवजी तो न वाचलेला म्हणूनच नोंदवावा. नक्कल बिनचूक चालते याचा अर्थ मूळ सगळे हाती लागले असा नसतो, आणि हा फरक पुढच्या अभ्यासकाला फक्त त्या नोंदीतूनच कळणार आहे.