एल्डनची खिडकी

टोकदार कमानीची खिडकी म्हटली की मला आमच्या साळगावचं १८७३ सालचं चर्च आठवतं. गोव्यातल्या इतर चर्चेसपेक्षा ते वेगळं दिसतं, कारण ते गॉथिक धाटणीचं आहे. तशीच खिडकी अमेरिकेतल्या एका साध्या लाकडी घराला दिसली, तेव्हा मी चकितच झाले.

झालं असं, वर्गात सरांनी ‘अमेरिकन गॉथिक’ हे चित्र दाखवलं. तुम्हीही पाहिलं असेल: हातात दाताळं घेतलेला चष्मेवाला शेतकरी आणि शेजारी गंभीर चेहऱ्याची बाई. सगळे त्या दोघांबद्दल बोलत होते. माझं लक्ष मात्र मागच्या घराकडे.

ते घर खरंच आहे. आयोवा राज्यातल्या वापेलो काउंटीत एल्डन नावाचं छोटं गाव आहे, तिथे ते १८८१-८२ मध्ये बांधलं गेलं. या शैलीला ‘कारपेंटर गॉथिक’ म्हणतात, म्हणजे सुतारांचं गॉथिक. युरोपातल्या दगडी कॅथेड्रलमध्ये टोकदार कमान छताचं वजन खाली उतरवते. लाकडी घराला तिची काहीच गरज नसते, ती निव्वळ हौस. पण १८५० च्या सुमाराला ए. जे. डाउनिंग यांच्यासारख्यांच्या पुस्तकांतून अशा घरांचे नकाशे सर्वत्र पोचले होते. आयोवाच्या गवताळ माळरानावर झाडं कमी. पाइनचं लाकूड विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या जंगलांतून मिसिसिपी नदीने वाहत यायचं, काठावरच्या गिरण्यांत कापलं जायचं आणि रेल्वेने गावोगावी जायचं. कापीव फळ्या आणि कारखान्यातले खिळे मिळू लागल्यावर थोड्या माणसांतही घर उभं राहू लागलं.

एल्डनच्या घराच्या भिंती उभ्या फळ्यांच्या आहेत आणि फळ्यांच्या सांध्यांवर अरुंद पट्ट्या ठोकल्या आहेत. त्यामुळे बुटकं घरही उंच भासतं. आणि वर माळ्याला ती चर्चसारखी खिडकी!

१९३० मध्ये चित्रकार ग्रँट वुड एल्डनला आला होता. एवढ्याशा घराला एवढी ऐटबाज खिडकी, याची त्याला गंमत वाटली. त्याने तिथेच एक स्केच केलं आणि चित्रात खिडकी जरा जास्तच लांब केली. माणसांसाठी त्याने आपली बहीण नॅन आणि आपला डेंटिस्ट यांना उभं केलं, पण तेही वेगवेगळं. त्या घरासमोर ती दोघं चित्रासाठी कधी उभी राहिलीच नाहीत! शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या स्पर्धेत चित्राला ब्राँझ पदक आणि ३०० डॉलर मिळाले, आणि संस्थेने ते विकत घेतलं.

१९७४ मध्ये घराची ऐतिहासिक वास्तू म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. १९९१ मध्ये ते राज्याच्या इतिहास संस्थेला दान मिळालं. आज लोक तिथे दाताळं धरून फोटो काढतात.

मला प्रश्न पडतो तो इथेच. चित्रकार त्या रस्त्याने गेलाच नसता तर? तशाच फळ्यांची, तितक्याच हौसेने बांधलेली घरं मिडवेस्टमध्ये कितीतरी होती. त्यांची आठवण कोण ठेवणार?

हे मी उगाच विचारत नाही. माझ्या आजीच्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या आहेत आणि पावसाळ्यानंतर ते पाडायचं ठरलंय. काकांचंही बरोबरच आहे, दरवर्षी छपराचा खर्च झेपत नाही. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही, हे मला कळतं. म्हणून गेल्या रविवारी मिस्सानंतर मी टेप आणि वही घेऊन गेले. प्रत्येक खोली मोजली, खिडक्यांचे फोटो काढले आणि कुठली खिडकी कोणी बसवली ते आजीला विचारून लिहून घेतलं. आजी आधी हसली. मग म्हणाली, “स्वयंपाकघर राहिलं ना गो, तेही लिही.”

तुमच्याही घरी असं काही असेल, तर एवढं नक्की करा. चित्रकाराची वाट बघू नका.