जहाजाचा नांगर शस्त्र कसा होतो

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या भूमिका-खेळात जहाजाचा नांगर फिरवत लढणारा खलाशी खेळायचा असेल, तर शस्त्रांच्या तक्त्यात नांगर शोधू नका. मॉल शोधा. मॉल म्हणजे दोन्ही हातांनी पेलायचा घण. त्याचे आकडे जसेच्या तसे उचलायचे आणि वर्णन तेवढं बदलायचं. यात फसवणूक नाही. 1974च्या मूळ खेळात तर सुरी असो वा कुऱ्हाड, इजेसाठी सहा बाजूंचा एकच फासा होता; शस्त्रागणिक वेगळे फासे 1975च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आले.

पाचव्या आवृत्तीत मॉल 'हेवी' गटात येतो. 2014च्या नियमांत हाफलिंगसारख्या लहान चणीच्या पात्राने असं शस्त्र उचललं, की वाराच्या वेळी वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून लहान आकडा धरावा लागे. 2024मध्ये चणीची अट गेली. आता ताकद 13पेक्षा कमी असेल तरच हा तोटा होतो. म्हणजे दणकट हाफलिंगही नांगर फिरवू शकतो, आणि मला तरी तेच दृश्य जास्त आवडतं.

आता फासे. मॉलची इजा सहा बाजूंच्या दोन फाशांची, सरासरी 7. ग्रेटॲक्सचा, म्हणजे मोठ्या कुऱ्हाडीचा, बारा बाजूंचा एकच फासा, सरासरी साडेसहा. मग कुऱ्हाड कोण घेईल? 2014च्या नियमांतलं हाफ-ऑर्क वंशाचं पात्र. त्याच्या नेमक्या वर्मी बसलेल्या वारात शस्त्राचे फासे दुप्पट होतात आणि वर त्याच शस्त्राचा आणखी एक फासा मिळतो. कुऱ्हाडीचे तीन फासे सरासरी साडेएकोणीस देतात, मॉलचे पाच साडेसतरा. असा खलाशी असेल, तर नांगराला कुऱ्हाडीचे आकडे द्या.

पण इजेचा प्रकार बदलताना जपून. मॉल ठेचतो, कुऱ्हाड कापते. सांगाड्यांना ठेचणाऱ्या वाराची दुप्पट इजा होते. कुऱ्हाडीचे फासे आणि ठेचणारी इजा दोन्ही हवं असेल, तर आधी खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला विचारा.

नांगराला साखळी बांधून दहा फुटांवर मारायचं असेल, तर ग्लेव्हचे, म्हणजे लांब दांड्याच्या पात्याचे, आकडे घ्या: दहा बाजूंचा एक फासा, सरासरी साडेपाच. लांब पोचायचं तर इजा कमी, हा सौदा पाळावा. साडेतीनव्या आवृत्तीतली काटेरी साखळी दहा फुटांवरही पोचे, शेजारच्यालाही लागे आणि पाय ओढून पाडायलाही चाले. बदल्यात एक 'फीट', म्हणजे पात्राला निवडता येणारी खास क्षमता, खर्च करावी लागे. माझ्या मते तरीही ती स्वस्तच होती.