बीटा ब्लॉकर: औषध जुनं, प्रश्न वेळेचा

हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली की पुढच्या स्नायूची रसद तुटते, पण अॅड्रेनलिनचा चाबूक चालूच राहतो. उपाशी घोड्याला पळवावं तसं. बीटा ब्लॉकर हा चाबूक काढून घेतात. ठोके मंदावतात, प्राणवायूची गरज घटते. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर घडवलं ते याच तर्कावर. पण मला अधिक रंजक वाटतो तो पुढचा भाग. धमनी उघडल्यावर परतणारं रक्तही इजा करतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी बारीक वाहिन्या तुंबवतात. मेटोप्रोलॉल हे दुसरं बीटा ब्लॉकर या पेशींनाही आवरतं, असं स्पेनमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं.

त्याआधी 2013 मध्ये तिथल्याच मेटोकार्ड चाचणीत, 270 रुग्णांत, अँजिओप्लास्टीपूर्वी शिरेतून मेटोप्रोलॉल मिळालेल्यांची स्नायूहानी सरासरी 25.6 ग्रॅम भरली, इतरांची 32. यावर आक्षेप येतो की 2016 च्या अर्ली-बामी चाचणीत 683 रुग्णांत असा फरक दिसलाच नाही. खरं आहे. पण तिथे डोस कमी होता आणि त्याचा दुसरा हप्ता अँजिओप्लास्टीच्या तोंडावर दिला गेला. औषधाला पेशींपर्यंत पोहोचायला उसंत कुठे मिळाली? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चीनमधल्या सुमारे 46 हजार रुग्णांच्या कमिट चाचणीत पुन्हा झटका येणं कमी झालं, पण कार्डिओजेनिक शॉक (हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकणं) वाढला आणि एकूण मृत्यू घटले नाहीत. म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला हेच औषध घातक ठरू शकतं.

हा वाद झटक्याच्या वेळी द्यायच्या औषधाचा आहे; घरात कुणी बीटा ब्लॉकरची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती अचानक बंद करू नका.