पूर्णांक व शून्य

वस्तू मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १, २, ३, ... या संख्यांना नैसर्गिक संख्या म्हणतात. त्यांत शून्य मिळविले असता पूर्ण संख्यांचा संच मिळतो आणि त्यात −१, −२, −३, ... या ऋण संख्या मिळविल्या म्हणजे पूर्णांकांचा संच तयार होतो. प्रत्येक पूर्ण संख्या पूर्णांक असते. परंतु −७ हा पूर्णांक असूनही पूर्ण संख्या नाही. शून्य धनही नाही व ऋणही नाही. मात्र त्यास २ ने निःशेष भाग जात असल्याने ती सम संख्या आहे. नैसर्गिक संख्यांत शून्याचा समावेश करावा की नाही, हा केवळ संकेताचा प्रश्न होय. जूझेप्पे पेआनो या इटालियन गणितज्ञांनी १८८९ मध्ये मांडलेल्या गृहीतकांत संख्यांचा प्रारंभ १ पासून केला होता. पुढे त्यांनी तो ० पासून केला.

विस्ताराची आवश्यकता : दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज व गुणाकार नैसर्गिक संख्याच असतात, वजाबाकीच्या बाबतीत तसे घडत नाही. ५ − ५ ला उत्तर हवे असल्यास शून्य आणि ३ − ५ ला उत्तर हवे असल्यास ऋण संख्या मानाव्या लागतात. पूर्णांकांच्या संचात वजाबाकी नेहमीच शक्य होते. यात शून्याचे स्थान मध्यवर्ती आहे. कोणत्याही पूर्णांकात शून्य मिळविल्यास तो बदलत नाही आणि −४ या संख्येची व्याख्याच ‘४ मध्ये मिळविली असता शून्य देणारी संख्या’ अशी आहे. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का असतो, हेही यावरूनच समजते. ४ + (−४) = ० याला −३ ने गुणल्यास −१२ + (−३) × (−४) = ० असे मिळते; म्हणून (−३) × (−४) = १२ असेच असले पाहिजे.

इतिहास : अंकलेखनातील रिकामे स्थान दाखविणारे चिन्ह आणि स्वतंत्र संख्या ही शून्याची दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्या कार्यासाठी बॅबिलोनियनांनीही चिन्ह वापरले होते. ग्वाल्हेर येथील चतुर्भुज मंदिराच्या इ. स. ८७६ मधील शिलालेखात २७० व ५० या संख्या शून्यचिन्हासह कोरलेल्या आहेत. दुसऱ्या कार्याची पद्धतशीर मांडणी मात्र ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांत या ग्रंथात केली. धन, ऋण व शून्य यांची बेरीज, वजाबाकी व गुणाकार यांचे त्यांनी दिलेले नियम आजही ग्राह्य आहेत. परंतु शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, हा त्यांचा नियम टिकला नाही. बाराव्या शतकात दुसरे भास्कराचार्य यांनी शून्य छेद असलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले व ती अनंत मानली. आधुनिक गणितात शून्याने भागाकार अव्याख्यात ठेवतात; कारण ० × क = ५ होईल अशी क ही संख्या नाही आणि ० × क = ० हे तर कोणत्याही संख्येने साधते.

कालगणनेतील शून्य : शून्य वगळल्याचा परिणाम ख्रिस्ती कालगणनेत दिसतो. तीत इ. स. पू. १ नंतर लगेच इ. स. १ येते. त्यामुळे इ. स. पू. ५ च्या १ जानेवारीपासून इ. स. ५ च्या १ जानेवारीपर्यंत १० नव्हे, तर ९ वर्षे होतात. याच कारणाने विसावे शतक १९९९ अखेर नव्हे, तर २००० अखेर संपले. ज्योतिषशास्त्रीय गणितात ही अडचण टाळण्यासाठी इ. स. पू. १ ला ० आणि इ. स. पू. २ ला −१ हा वर्षांक देतात. मग दोन वर्षांकांची साधी वजाबाकी केली की खरे अंतर मिळते.