बेगमपुऱ्याच्या कसोटीवर नवी मुंबई

आदर्श नगराची कल्पना करताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी रुंद रस्ते, चौक आणि उद्यानं येतात. संत रविदासांचा बेगमपुरा वेगळा आहे. गुरू ग्रंथसाहिबात जपलेल्या त्यांच्या पदात एकाही इमारतीचं वर्णन नाही. त्या नगरात दुःख नाही, कराची धास्ती नाही, कोणी दुय्यम नाही आणि कोणाला कुठेही फिरायला आडकाठी नाही. ज्या समाजाला गावात पाऊल कुठं टाकायचं हेही इतर ठरवत, त्या समाजातल्या संताने नगराची ओळख तिथल्या माणसाच्या मोकळीकीवरून सांगितली. जातिविरोधी विचारवंतांच्या स्वप्नांवरील पुस्तकाच्या शीर्षकात गेल ऑम्वेट यांनी बेगमपुऱ्याचं नाव घेतलं ते उगाच नव्हे. भक्तिकाव्य म्हणून हे पद बाजूला ठेवलं जातं. माझ्या मते नगररचनेला लावण्यासारखी याहून कडक कसोटी नाही.

नवी मुंबईचं स्वप्न उदार होतं, हे आधी मान्य करायला हवं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवण्याची कल्पना मांडली. १९७०मध्ये हे शहर वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन, त्यावर वीस लाखांची वस्ती आणि जमिनीच्या विक्रीतूनच पाणी, रस्ते, गटारांचा खर्च, असं ते गणित होतं. कोरियांनी पुढे बेलापूरला कलाग्राम उभारलं, तिथं कुटुंबाला ऐपतीप्रमाणे घर वाढवता येईल अशी रचना केली. म्हणजे राहायला येणाऱ्यांचा विचार झाला होता. आधीपासून राहणाऱ्या आगरी-कोळ्यांचा, त्यांच्या भातशेतीचा, मिठागरांचा आणि मासेमारीचा विचार मात्र ‘संपादन’ या एका शब्दात उरकला गेला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनावर जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच शेतकऱ्यांचे जीव गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतर आली.

यावर आक्षेप येतो की सरकारने जमीन घेतली नसती, तर ती दलालांनी कवडीमोलाने लाटली असती. आक्षेप खरा आहे आणि जमीन सार्वजनिक हाती ठेवण्याचं धोरणही योग्यच होतं. पण भूमिपुत्राला वाढत्या किमतीत वाटेकरी करणं त्या धोरणाच्या आड येत नव्हतं. साडेबारा टक्क्यांनी तेच सिद्ध केलं. जे माणसं गमावल्यावर देता आलं, ते १९७०मध्येही देता आलं असतं. दुसरा आक्षेप असा की एवढी मोठी स्वप्नं अशीच फसतात, शहरं आपापली वाढू द्यावीत. पण इथं स्वप्न सगळीकडे सारखं फसलं नाही. राज्य सरकारची कार्यालयं खाडीपलीकडे जावीत, हा मूळ कल्पनेचा गाभा होता. मंत्रालय जागचं हललं नाही. घाऊक बाजार आणि माथाडी मात्र वाशीला गेले. बलवानांच्या बाजूला आराखडा सैल झाला, दुबळ्यांच्या बाजूला तो काटेकोर राबवला गेला.

सत्तेनं जागा बदलली तरी पुरत नाही, हे ब्राझीलने दाखवलं. लुसिओ कोस्ता यांच्या आराखड्यावर आणि ऑस्कर निमायर यांच्या इमारतींनी उभी राहिलेली ब्राझीलिया २१ एप्रिल १९६० रोजी खरोखरच राजधानी झाली. पण ती बांधायला आलेल्या मजुरांना त्या रेखीव नकाशात घर नव्हतं. त्यांच्यासाठी शहराबाहेर तागुआतिंगा ही वसाहत १९५८मध्येच, उद्घाटनाच्या दोन वर्षं आधी, वसवावी लागली. बेगमपुऱ्याच्या कसोटीवर दोन्ही शहरं एकाच ठिकाणी अडखळतात.

आज विमानतळाभोवती, महामार्गांच्या कडेला पुन्हा नवी शहरं आखली जात आहेत. आपल्या भागाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, की हरकती-सूचनांच्या मुदतीत वाचकांनी लेखी मागणी करावी: गावठाणं, कोळीवाडे, मिठागरं आणि बांधकाम मजुरांच्या घरांची जागा नकाशावर आधी दाखवा, मग रस्ते आखा.