पुढच्या नावेने जाऊ

पुणे शहराच्या दक्षिणेस टेकड्यांच्या उतारावर बिबवेवाडी वसली आहे. येथील मुलांना नावेत बसण्याचा प्रसंग क्वचितच येतो. शाळेत जाण्यास रस्ता आहे, दूर जाण्यास बस आहे आणि नदी ओलांडावयाची झाली तरी ती पुलावरून ओलांडता येते. मग नावेतून प्रवास करताना कोणती काळजी घ्यावी, हे या मुलांनी शिकून काय करावयाचे? असा प्रश्न एखाद्याच्या मनात सहज येईल.

परंतु थोडा विचार करा. शाळेची सहल मुंबईस गेली की मुले घारापुरीची लेणी पाहण्यास निघतात, आणि तेथे लाँचमधूनच जावे लागते. मुरूडचा जंजिरा पाहावयाचा तर राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसावे लागते. कोणाचे आजोळ इंदापूर तालुक्यात असते, आणि तेथे उजनीच्या जलाशयापलीकडे पाहुण्यांचे गाव असते. ज्याचे घर पाण्याच्या काठी आहे, त्या कोळ्याच्या मुलास वारा, लाट आणि भरती-ओहोटी यांची ओळख लहानपणीच होते. वर्षातून एकदा नावेत बसणाऱ्यास मात्र ती नसते. म्हणूनच त्याने अधिक सावध असले पाहिजे.

बिबवेवाडीच्या उतारावर पडणारे पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांतून मुळा-मुठेस मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेस मिळते, आणि भीमेचे पाणी उजनीच्या धरणात साठते. या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. त्याचे पाणी दूरवर पसरलेले आहे. एका काठावर पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका आणि समोर सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका. रस्त्याने जावे तर मोठा वळसा पडतो. होडीने गेले तर थोड्या वेळात पैलतीर गाठता येते. त्यामुळे कित्येक वर्षे लोक होडीनेच ये-जा करीत आले आहेत.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी अशीच एक होडी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघाली. होडीत सात माणसे होती. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस येतो, तो सोसाट्याचा वारा घेऊनच येतो. होडी पाण्याच्या मध्यावर असताना वादळ सुटले, लाटा उसळल्या आणि होडी उलटली. एक जण पोहत काठास लागला. उरलेल्या सहांचे प्राण गेले. त्यांत लहान मुलेही होती. ज्या पाण्यात सकाळी आरशासारखे आभाळ दिसत असते, तेच पाणी वाऱ्याच्या एका झोताने असे रूप घेते, हे विसरता कामा नये.

याहून कितीतरी मोठा अपघात १७ जुलै १९४७ रोजी मुंबईजवळ झाला. त्या दिवशी सकाळी ‘रामदास’ नावाची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढ संपत आला होता आणि अमावास्येनिमित्त कोकणातील चाकरमानी घरी निघाले होते. बोटीवर सुमारे सातशे माणसे होती. समुद्र खवळलेला होता. काशाच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेने बोट कलली आणि आत पाणी शिरले. घाबरलेले प्रवासी एकदम एका बाजूस धावले आणि बोट उलटली, असे त्यातून वाचलेल्यांनी सांगितले. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे ही वार्ता मुंबईस कळण्यासच कित्येक तास लागले. रेवसकडील कोळी बांधव आपल्या होड्या घेऊन तेथे पोहोचले आणि त्यांनी हाती लागतील तेवढ्यांना पाण्यातून वर काढले. ते आले नसते, तर वाचलेल्यांची संख्या आणखी कमी झाली असती.

हे अपघात वाचून भिऊन जाण्याचे कारण नाही. दररोज हजारो लोक नावेतून सुखरूप जातात आणि येतात. पण नाव का तरते आणि का उलटते, हे ज्यास समजले, त्यास सुरक्षिततेचे नियम निराळे पाठ करावे लागत नाहीत. ते त्यास आपोआप पटतात.

प्रथम नाव का तरते ते पाहू. पाण्यात ठेवलेली वस्तू आपल्याखालील पाणी बाजूस सारते. बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन नावेच्या एकूण वजनाइतके झाले की नाव तरंगत राहते. हा नियम आर्किमिडीज या ग्रीक शास्त्रज्ञाने सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगितला. आता एक लहानसे गणित करा. एका होडीने पाण्याचा दहा चौरस मीटर पृष्ठभाग व्यापला आहे असे धरा. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन १००० किलोग्रॅम असते. ६० किलोग्रॅम वजनाचा एक मनुष्य होडीत बसला, की ती सुमारे ६ मिलिमीटर खाली जाते. हे डोळ्यांस जाणवतही नाही. पण दहा माणसे चढली तर ती ६ सेंटीमीटर आणि तीस माणसे चढली तर १८ सेंटीमीटर खाली जाते. रिकाम्या होडीचा काठ पाण्यापासून ३० सेंटीमीटर उंच असेल, तर आता तो केवळ १२ सेंटीमीटर उरला. एवढ्या काठावरून आत येण्यास लाट मोठी असावी लागत नाही. “आणखी एकाने काय होते?” असे जो म्हणतो, त्याने हे गणित केलेले नसते.

इंग्लंडमध्ये पूर्वी लोभापायी जहाजांत बेसुमार माल भरीत असत आणि त्यामुळे अनेक खलाशी बुडत. सॅम्युअल प्लिम्सॉल या लोकप्रतिनिधीने त्याविरुद्ध मोठी चळवळ केली. तेव्हा १८७६ मध्ये कायदा होऊन प्रत्येक जहाजाच्या अंगावर भाराची मर्यादा दाखविणारी खूण काढणे भाग पडले. आजही मोठ्या जहाजांवर अशी खूण असते. आपल्या देशात नद्या, खाड्या आणि जलाशय यांतील नौकांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आहे. नौकेची नोंदणी व्हावी, तिची तपासणी व्हावी, तिने ठरल्याहून अधिक प्रवासी घेऊ नयेत, हा त्याचा हेतू आहे. म्हणून धक्क्यावर किंवा नावेवर प्रवाशांची संख्या लिहिलेली असते. ती वाचावी आणि मुकाट्याने माणसे मोजावी.

आता नाव का उलटते ते पाहू. घरी बादलीत पाणी घेऊन त्यावर एक वाटी तरंगत ठेवा. वाटीच्या तळाशी चार खडे ठेवले तर ती स्थिर राहते. तेच खडे वाटीत एकावर एक उंच रचून पाहा. वाटी डगमगू लागते आणि थोड्या धक्क्याने कलंडते. ओझे खाली असले की नावेस स्थैर्य येते. ओझे वर गेले की ते नाहीसे होते. नावेत बसलेला मनुष्य उभा राहतो, तेव्हा तो आपले वजन वर नेत असतो. म्हणून होडीत उभे राहू नये, काठावर बसू नये आणि लाँचच्या छतावर तर मुळीच चढू नये.

दुसरा प्रयोग करा. परातीत थोडे पाणी घालून ती दोन्ही हातांनी उचलून चाला. परात जरा तिरपी झाली की सगळे पाणी खालच्या बाजूस धावते आणि परात अधिकच तिरपी होते. नावेत शिरलेले पाणी असेच वागते. ते खोल असण्याची गरज नाही. घोट्याइतके पाणीही नावेचा तोल बिघडवू शकते. म्हणून तळाशी साचलेले पाणी उपसत राहावे. घाबरून एका बाजूस धावणारी माणसेही परातीतील पाण्यासारखीच असतात. धक्का जवळ आला, डॉल्फिन दिसला किंवा छायाचित्र काढावयाचे झाले, म्हणजे सगळे एका काठाकडे झुकतात. नावेत ज्याने त्याने आपल्या जागी बसून राहणे, हीच सर्वांची सेवा होय.

आता लाईफ जॅकेटविषयी. या जाकिटात हलके, पाणी न शोषणारे पदार्थ भरलेले असतात. ते अंगात असले की मनुष्याचे डोके पाण्यावर राहते. पोहता येणाऱ्यासही ते हवेच. कारण अपघातात मार लागतो, ओले कपडे अंगास चिकटतात, लाटांत दम संपतो आणि काठ दिसतो त्याहून दूर असतो. अपघात झाल्यावर जाकीट शोधून घालण्यास वेळ मिळत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी ‘नीलकमल’ ही प्रवासी लाँच गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे चालली होती. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून तिच्यावर आदळली. लाँचमध्ये शंभराहून अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात जाकीट नव्हते. या अपघातात पंधरा जणांचे प्राण गेले. त्या दिवशी वादळ नव्हते, पावसाळाही नव्हता. यावरून काय शिकावयाचे? संकट आभाळाकडे पाहून येत नाही. तेव्हा नावेत चढण्यापूर्वीच जाकीट घालावे, त्याचे सर्व पट्टे घट्ट बांधावे आणि उतरेपर्यंत ते काढू नये. लहान भावंडास त्याच्या मापाचेच जाकीट द्यावे; मोठे जाकीट पाण्यात डोक्यावरून निसटून जाते.

चढता-उतरताना घाई करू नये. नाव धक्क्यास बांधली जाईपर्यंत थांबावे. एकेकाने चढावे, पाऊल नावेच्या मध्यभागी ठेवावे आणि लगेच खाली बसावे. नाव आणि धक्का यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही आणू नये. लाटेने नाव धक्क्यावर आपटली तर बोटे चिरडतात. झाकलेल्या लाँचमध्ये बसल्याबरोबर बाहेर पडण्याची वाट कोठे आहे ते पाहून ठेवावे. वारा सुटला असेल, पश्चिमेकडे काळे ढग आले असतील, किंवा नावाडी “आता नको” म्हणत असेल, तर आग्रह धरू नये. नावाड्याचा नकार हा अनुभवाचा शब्द असतो. गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या लहान लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात, त्याचे कारणही हेच आहे.

एवढी काळजी घेऊनही नाव उलटलीच तर काय करावे? उलटलेली होडी पुष्कळदा तरंगत राहते. तिला धरून राहावे आणि मोठ्याने हाक मारावी. काठाकडे पोहत जाण्याचा मोह टाळावा, कारण दूरचा काठ फसवा असतो आणि पाण्यातील डोक्यापेक्षा उलटलेली होडी शोधणाऱ्यांस लवकर दिसते. होडी हातची सुटली तर पाठीवर पडून शांतपणे तरंगावे. दुसरा कोणी बुडताना दिसला तर त्याच्यामागे पाण्यात उडी घेऊ नये. बुडणारा वाचविणाऱ्यास मिठी मारतो आणि दोघेही बुडतात. त्याच्याकडे दोर, बांबू, तोंड बंद केलेला रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे. मोठ्यांना बोलवावे. ११२ या क्रमांकावर कळवावे. समुद्रावर असल्यास १५५४ या क्रमांकावर तटरक्षक दलाची मदत मागता येते.

हे सर्व नियम सोपे आहेत. अवघड आहे ती एकच गोष्ट. धक्क्यावर गर्दी झालेली असते, नाव काठोकाठ भरलेली असते, मित्र आत बसलेले असतात, आणि आतून हाक येते, “चल रे लवकर, एकाची जागा आहे!” त्या क्षणी धक्क्यावरच पाय रोवून उभे राहणे, यास धैर्य लागते. मोठी माणसे घाईत असली तर त्यांना नम्रपणे सांगण्यास आणखी धैर्य लागते. ‘रामदास’वरील माणसांनाही घरी लवकर पोहोचावयाचे होते. घरी त्यांची वाट पाहणारी माणसे होती.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचीही घरी कोणी तरी वाट पाहत असते. तासभर उशीर झाला तर थोडी चिंता होईल, थोडे बोलणे खावे लागेल, एवढेच. म्हणून नाव भरलेली दिसली की मागे सरावे आणि सांगावे, “बाबा, आपण पुढच्या नावेने जाऊ.”